नांदूर-मधमेश्वरचा कांठ

नाशिककरास समुद्र नाहीं, ह्याचें दुःख आम्हांस एरवीं फारसें जाणवत नाहीं. परंतु कोंकणांतून पाहुणा आला म्हणजे तो तें जाणवून दिल्यावांचून राहत नाहीं. गेल्या पौषांत माझे एक मेहुणे मालवणाहून आमच्याकडे आले होते. रामकुंड, काळाराम, पांडवलेणीं असा नेहमींचा क्रम पार पडल्यावर सायंकाळीं चहा घेतांना ते म्हणाले, "भावोजी, तुमच्याकडे देव पुष्कळ आणि डोंगरहि पुष्कळ, पण कांठ म्हणावा असा कांठ नाहीं." मालवणच्या माणसास असें बोलण्याचा अधिकार आहे, हें मला मान्य करावें लागलें. १६६४ सालीं शिवछत्रपतींनीं ज्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधावयास घेतला, त्याच्या भोवतालचा समुद्र १९८७ पासून अभयारण्य म्हणून राखून ठेविलेला आहे, आणि त्याच्या तळाशीं पोवळ्यांची वस्ती आहे. असा कांठ घराशेजारीं असल्यावर गोदेचे घाट पाहून ज्याचें समाधान व्हावें असा मालवणकर विरळा.

मीं त्यांस एवढेंच सांगितलें कीं, उद्यां पहांटे लवकर उठा. नाशिक जिल्ह्याचाहि एक राखीव कांठ आहे, तो दाखवितों.

दुसऱ्या दिवशीं अंधारांतच आम्ही निफाडच्या वाटेनें निघालों. निफाडची थंडी महाराष्ट्रांत प्रसिद्ध आहे. हिवाळ्यांत राज्यांतील सर्वांत कमी तपमानाचा आंकडा पुष्कळदां ह्याच तालुक्यांतून येतो. दोहों बाजूंस द्राक्षांचे मळे आणि कांद्याचीं शेतें, मधूनमधून धुकें. नाशिकच्या पूर्वेस सुमारें चाळीस किलोमीटर गेल्यावर चापडगांवाजवळ आम्ही गाडीतून उतरलों आणि पाण्याच्या कडेनें निरीक्षणाच्या मनोऱ्याकडे चालूं लागलों. उजेड होऊं लागला तसा प्रथम आवाज ऐकूं आला, आणि मग पक्षी दिसूं लागले. उथळ पाण्यावर वारकरी पक्ष्यांचे थवेच्या थवे पसरले होते. काळें अंग आणि कपाळावर पांढरा टिळा असलेल्या ह्या पक्ष्यास वारकरी हें नांव ज्यानें दिलें त्याची दृष्टि खास मराठी होती ह्यांत शंका नाहीं. पलीकडे थापटे आणि तलवार बदकें, चिखलांत लाल काटकुळ्या पायांचे शेकाटे, लव्हाळ्याच्या कडेला जांभळ्या पाणकोंबड्या, एका बेटावरील झाडांवर चित्रबलाक, आणि ह्या सर्वांच्या डोक्यावरून सावकाश घिरट्या घालणारा दलदली भोवत्या. चोंचीच्या टोंकाला पिवळा आणि मुळाशीं लाल ठिपका असलेलें हळदी-कुंकू बदक पाहून तर मेहुण्यांस फारच मौज वाटली. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. शेवटीं म्हणाले, "एवढें सगळें निसर्गानें इथें कोरड्या मुलखांत आणून कसें ठेविलें?"

ह्या प्रश्नाचें खरें उत्तर असें आहे कीं, निसर्गानें तें येथें आणून ठेविलेलेंच नाहीं. तो कांठ दुष्काळानें निर्माण केला. हें उत्तर चमत्कारिक वाटेल, म्हणून तें थोडें विस्तारानें सांगणें अवश्य आहे.

नांदूर-मधमेश्वर हें गोदावरी आणि कादवा ह्या दोन नद्यांच्या संगमाजवळचें स्थान आहे. स्थान प्राचीन. नदीच्या पात्रांत मृगव्याधेश्वराचें देऊळ आहे, आणि सुवर्णमृगाचें रूप घेतलेल्या मारीचास रामचंद्रांनीं येथेंच मारिलें अशी कथा ह्या भागांत सांगतात. भूगर्भशास्त्रज्ञांच्या लेखीं तें त्याहूनहि प्राचीन आहे. गोदावरीच्या जुन्या गाळांत येथें सांपडलेल्या एका लुप्त जातीच्या हत्तीच्या अवशेषांवर पिल्ग्रिम ह्या शास्त्रज्ञानें १९०५ सालीं लेख लिहिला होता. म्हणजे नदी येथें गाळ आणून टाकते ही गोष्ट आजची नव्हे. परंतु आज दिसणारें विस्तीर्ण उथळ पाणी, त्यांतील बेटें, लव्हाळीं आणि पाणकणसें ह्यांपैकीं कांहीहि शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वीं ह्या रूपांत नव्हतें. पावसाळ्यांत दुथडी भरून वाहणारी आणि उन्हाळ्यांत डोहांपुरती उरणारी, दख्खनच्या इतर नद्यांसारखीच ती एक नदी होती.

सह्याद्रीच्या माथ्यावर इगतपुरीस पाऊस धो धो कोसळतो, आणि तेथून पूर्वेकडे जावें तसा तो झपाट्यानें कमी होत जातो. निफाड, येवलें, सिन्नर, कोपरगांव हा सारा मुलूख पर्जन्यछायेंत मोडतो. १८७६-७८ चा दुष्काळ, १८९६-९७ चा दुष्काळ आणि त्यावर लगोलग आलेला १८९९-१९०० चा दुष्काळ ह्या तीन आघातांनीं दख्खनची जी दैना झाली तिचीं वर्णनें आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीनें घरोघर सांगितलेलीं आहेत. ह्या आघातांचा परिणाम म्हणून सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रीफ ह्यांच्या अध्यक्षतेखालीं १९०१ सालीं पाटबंधारे आयोग नेमला गेला आणि १९०३ सालीं त्याचा अहवाल बाहेर आला. त्या काळच्या सरकारी हिशेबांत पाटबंधाऱ्यांच्या कामांचे दोन मुख्य वर्ग होते. ज्या कामापासून गुंतविलेल्या पैशावर व्याज सुटेल तें उत्पादक काम; आणि व्याज न सुटलें तरी ज्याच्या योगें दुष्काळांतील माणसें वांचतील आणि दुष्काळी कामांवर होणारा खर्च टळेल तें संरक्षक काम. मुंबई इलाख्याच्या दख्खन भागांत व्याजाची आशा धरणें व्यर्थ होतें. तेथें संरक्षक कामेंच हातीं घेतलीं पाहिजेत, असा आयोगाच्या शिफारशींचा रोख होता. गोदावरीचे कालवे ह्या विचारांतून जन्मास आले.

ह्या योजनेची रचना समजून घेण्यासारखी आहे. इगतपुरी तालुक्यांत, जेथें पाऊस उदंड, तेथें दारणा नदीवर धरण बांधून पाणी सांठवावयाचें. लागेल तेव्हां तें नदीच्याच पात्रांतून खालीं सोडावयाचें. दारणा गोदावरीस मिळाल्यावर तें पाणी गोदावरीनें वाहत नांदूरपर्यंत यावयाचें. आणि नांदूर येथें आडवा बंधारा घालून त्याची पातळी उंच करून तें डाव्या व उजव्या अशा दोन कालव्यांत घ्यावयाचें. म्हणजे दारणेचें धरण ही तिजोरी आणि नांदूरचा बंधारा हा नुसता पैसे मोजून देणारा कारकून. बंधाऱ्याचें काम १९०७ च्या सुमारास हातीं घेण्यांत आलें, आणि दारणा धरण १९१६ सालीं पुरें झालें. नांदूरच्या बंधाऱ्यानें सांठा करावा अशी कोणाची मुख्य अपेक्षा नव्हती. पाणी थोपवून कालव्यांत वळविणें एवढेंच त्याचें काम.

हें काम त्यानें चोख केलें. कोपरगांव आणि राहात्याकडील ज्या जमिनींत बाजरी पिकली तर पिकली, तेथें उंसाचे मळे उभे राहिले. ज्वारी-बाजरीच्या संरक्षणासाठीं आणलेलें पाणी अखेर उंसानें बळकावलें, ही त्यांतील विसंगति जाणत्यांच्या नजरेंतून सुटली नाहीं. पुढें धनंजयराव गाडगीळ ह्यांनीं पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फें गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांची पाहणी केली, आणि ती १९४८ सालीं प्रसिद्ध झाली. पाटाच्या पाण्यानें समाजास काय मिळालें ह्याचा असा साक्षेपी हिशेब आपल्याकडे तोंपर्यंत फार थोड्यांनीं मांडला होता. परंतु बंधाऱ्याच्या पाठीमागें त्याच वेळीं एक दुसरेंच खातें उघडलें गेलें होतें, आणि त्याचा जमाखर्च लिहिणारा कोणी नव्हता.

तें खातें गाळाचें. वाहती नदी आपल्याबरोबर माती नेते. तिला अडविलें कीं वेग मंदावतो आणि माती खालीं बसते. नांदूरच्या मागें वर्षानुवर्षें गोदावरी आणि कादवा ह्या दोन्ही नद्यांचा गाळ बसत गेला. इंजिनियराच्या दृष्टीनें गाळ म्हणजे व्याधि, कारण जितका गाळ अधिक तितकी पाण्यास जागा कमी. परंतु त्याच गाळाचीं बेटें झालीं, बेटांवर झाडें-झुडपें वाढलीं, कडेला लव्हाळीं माजलीं, आणि हातभर-गुडघाभर पाण्याचीं विस्तीर्ण पटांगणें तयार झालीं. त्यांतून कालव्यांना पाळी सुटली कीं पाणी उतरतें आणि चिखल उघडा पडतो. चिखलांतील किडे-गोगलगाई टिपणारे पक्षी तेथें धांवतात. वरून दारणेचें पाणी आलें कीं चिखल पुन्हा बुडतो आणि पोहणाऱ्या बदकांची चंगळ होते. शेतकऱ्याच्या सोयीसाठीं केलेल्या ह्या चढ-उतारानें पक्ष्यांसाठीं एक भरती-ओहोटीच निर्माण केली. मेहुण्यांस हें सांगितलें तेव्हां ते हंसून म्हणाले, "म्हणजे तुमच्या समुद्राची भरती सरकारी हुकुमानें येते तर!" विनोद खरा, वस्तुस्थितीहि तीच.

ह्या भरती-ओहोटीचा सुगावा हिमालयापलीकडून येणाऱ्या बदकांना माणसांच्या आधीं लागला. माणसांपैकीं ज्यांचें नांव ह्या जागेशीं कायमचें जोडलें गेलें ते सालिम अली. १९८० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत त्यांनीं ही जागा पाहिली आणि तिला महाराष्ट्राचें भरतपूर म्हटलें, असें येथें सर्वत्र सांगितलें जातें. १९८६ सालीं सरकारनें सुमारें शंभर चौरस किलोमीटरांचें क्षेत्र अभयारण्य म्हणून जाहीर केलें. त्याच वर्षीं ह्याच गोदावरीवर खालीं पैठणजवळ जायकवाडीच्या जलाशयासहि तोच मान मिळाला. १९७१ सालीं इराणांतील रामसर येथें पाणथळ जागांच्या रक्षणासाठीं जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या यादींत २०१९ सालच्या तारखेनें नांदूर-मधमेश्वरचा १४३७ हेक्टरांचा भाग समाविष्ट झाला. ती बातमी जानेवारी २०२० मध्यें प्रसिद्ध झाली. महाराष्ट्रांतील ही पहिली रामसर जागा. लोणार आणि ठाण्याची खाडी ह्यांचा नंबर तिच्यामागून लागला. ह्या जागेच्या नोंदींत प्राणी व वनस्पति मिळून ५३६ जातींचा उल्लेख आहे.

येथें शब्दांचा एक योगायोग लक्षांत घेण्याजोगा आहे. १९०३ सालीं संरक्षक हा शब्द माणसांसाठीं योजिला गेला. १९८६ सालीं संरक्षित हा शब्द त्याच जागीं पक्ष्यांसाठीं योजिला गेला. एका पिढीनें भुकेपासून रक्षण व्हावें म्हणून भिंत बांधली, आणि दुसऱ्या पिढीनें त्या भिंतीमागें जें आपोआप उगवलें त्याचें माणसांपासून रक्षण करण्याचें मनावर घेतलें. हीं दोन्ही रक्षणें एकमेकांशीं सुखानें नांदतील काय, हा खरा प्रश्न आहे. आणि ह्या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास भरतपूरचें नांव केवळ भूषण म्हणून मिरविण्यापेक्षां त्याचा इतिहास वाचणें अधिक उपयोगी.

भरतपूरहि मूळचें निसर्गनिर्मित नव्हे. अठराव्या शतकांत सुरजमल जाटानें अजाण बांध घातला, आणि त्या पाण्यामुळें तेथील सखल रान जलमय होऊं लागलें. संस्थानिकांनीं तेथें शिकारीची जागा केली. १९३८ सालीं व्हाइसरॉय लिनलिथगो ह्यांच्या मेजवानींत एका दिवसांत चार हजारांहून अधिक पक्षी मारले गेले. पुढें शिकार थांबली, अभयारण्य झालें, आणि १९८२ सालीं तें राष्ट्रीय उद्यान ठरलें. त्याबरोबर आंत गुरें चारण्यास बंदी झाली. पिढ्यान्‌पिढ्या तेथें म्हशी चारणारे गांवकरी आणि पोलीस ह्यांच्यांत चकमक उडाली, गोळीबार झाला, आणि कांहीं माणसें प्राणांस मुकलीं. ह्या दुःखाच्या कथेचा उत्तरार्ध विशेष बोधप्रद आहे. म्हशी बंद झाल्या, तेव्हां पाण्यांतील गवत बेसुमार वाढून उघडें पाणी झांकूं लागलें, आणि पुष्कळ पाणपक्ष्यांना तेथें राहणें कठीण झालें. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासांतून असें दिसून आलें कीं, ज्यांना पक्ष्यांचे शत्रु समजून बाहेर काढलें तीं जनावरें वस्तुतः पक्ष्यांच्या घराची झाडलोट करीत होतीं. हा निष्कर्ष ज्या विद्वानांच्या वर्तुळांतून बंदीस पूर्वीं पाठिंबा मिळाला होता त्यांच्याच संस्थेनें काढावा, ह्यांत त्या संस्थेचा प्रामाणिकपणा दिसतो. परंतु त्या ज्ञानाची किंमत दुसऱ्यांनीं दिली होती.

नांदूरला सुदैवानें तसा प्रसंग आलेला नाहीं. येथील गांवांतले कित्येक तरुण आज पाहुण्यांना पक्षी दाखवून चार पैसे मिळवितात, आणि त्यांना पक्ष्यांचीं इंग्रजी व मराठी दोन्ही नांवें मुखोद्गत आहेत. तथापि अभयारण्याचें जाहीर झालेलें क्षेत्र पाणथळ भागाच्या जवळजवळ सातपट आहे, आणि त्यांत गांवें, मळे, विहिरी सर्व कांहीं आलें. परत येतांना एका वृद्ध शेतकऱ्याशीं आमचें बोलणें झालें. मीं त्यांस पक्ष्यांमुळें पिकास उपद्रव होतो काय असें विचारलें. ते म्हणाले, "सर, पाखरांचा आणि आमचा तंटा नाही. बंधारा झाला तेव्हा आमच्या आज्याची जमीन पाण्याखाली गेली. पाणी ओसरलं की गाळात पेरून आम्ही दिवस काढले. आता म्हणतात ही जागा पाखरांची. असू द्या. पण पाणी कधी सोडायचं आणि कधी अडवायचं, हे ना कोणी पाखरांना विचारलं, ना आम्हाला."

मी इतकीं वर्षें महाविद्यालयांत इतिहास शिकवितों. परंतु ह्या जागेच्या इतिहासाचें सार इतक्या थोडक्या शब्दांत मला सांगतां आलें नसतें. ह्या कांठाची मालकी गांवाकडे असो वा वनखात्याकडे असो, त्याचें जीवित पाण्याच्या पाळीवर अवलंबून आहे, आणि ती पाळी पुष्कळ दूर ठरते. आज गोदावरीच्या वरच्या अंगास गंगापूर आणि दारणा, कादवेवर करंजवण आणि पालखेड अशीं धरणें आहेत. नाशिक शहराची तहान वाढली आहे. नांदूरहून निघणारा जलदगती कालवा वैजापूर-गंगापूरकडे जातो. जुन्या कालव्यांवर आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्याचा हक्क आहे. आणि तुटीच्या वर्षीं जायकवाडीसाठीं वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रसंग आला कीं तेंहि ह्याच बंधाऱ्यावरून खालीं जातें. पाण्याच्या न्याय्य वांटपासाठीं २००५ सालीं महाराष्ट्रानें कायदा करून प्राधिकरण नेमलें. त्याच्यापुढें शेती, उद्योग आणि शहरें ह्यांचे वकील उभे राहतात. वारकरी आणि हळदी-कुंकू ह्यांचें वकीलपत्र घेणारा मात्र क्वचित्. दुसरीकडे शहराचें सांडपाणी आणि शेतांतून झिरपणारीं खतें-औषधें नदीनें येथेंच येतात, आणि त्यांवर पोसलेली जलपर्णी उघडें पाणी झांकीत जाते. ह्या संकटांची नोंद रामसरच्या टिपणांतहि आहे.

मग करावें काय? कित्येक सज्जनांना वाटतें कीं, अशा जागेस माणसाचा हात लागूं न देणें हेंच तिचें रक्षण. माझ्या अल्प मतीस तें पटत नाहीं. जी जागा माणसाच्या हातानेंच घडली तिच्यावरून हात काढून घेतला तर ती मूळ रूपास जाईल, आणि मूळ रूप म्हणजे उन्हाळ्यांत आटणारी नदी. गाळ वाढतच गेला तर आजचें पाणथळ उद्यां कोरडें शेत होईल. आणि सर्व गाळ एकदम उपसून टाकला तर खोल पाणी राहील, पण कांठ राहणार नाहीं. म्हणून येथें अलिप्तपणा उपयोगाचा नाहीं. हिशेबी, सावध आणि नित्याची देखरेख पाहिजे. त्या देखरेखींत पाण्याच्या पाळीचें वेळापत्रक आंखणारा इंजिनियर, अभयारण्याचा अधिकारी आणि गाळपेर करणारा शेतकरी हे तिघे एका बैठकीस बसले पाहिजेत. हिवाळ्यांत इतकी पातळी राखावी, असा जर एक आंकडा कालव्यांच्या हक्कांशेजारीं लिहिला गेला, तर १९०३ च्या आयोगानें न उघडलेलें तें खातें अखेर वहींत चढेल. आणि नाशिक शहरानें आपलें सांडपाणी शुद्ध करून सोडणें ही तर पक्ष्यांवरील दया नसून, खालच्या गांवांचें देणें आहे.

संध्याकाळीं पाणी तांबूस झालें तेव्हां बंधाऱ्यावर उभे राहून आम्ही परतण्याच्या तयारींत होतों. चक्रवाकांची एक जोडी ओरडत डोक्यावरून गेली. मेहुणे म्हणाले, "आमच्याकडेहि हाच वाद आहे, भावोजी. अभयारण्याचें नांव काढलें कीं आमचे रापणकार विचारतात, जाळें कुठें टाकायचें तेवढें आधीं सांगा." मालवणचा कांठ समुद्रानें घडविला, आमचा दुष्काळानें, परंतु दोन्हीं ठिकाणीं प्रश्न एकच निघाला, आणि तो विचारणारीं माणसेंहि एकाच जातीचीं, कांठावर पोट असलेलीं.

घरीं आल्यावर त्यांनीं आपल्या बहिणीस सांगितलें कीं, नाशिकास कांठ नाहीं हें आपलें म्हणणें आपण परत घेतलें आहे. मात्र पुढच्या खेपेस येईन तेव्हां तो तेथें असावा, एवढें तुमच्याकडे लागलें, असेंहि त्यांनीं मला बजावलें. तें देणें मीं एकट्यानें फेडण्यासारखें नाहीं. म्हणून तें येथें वाचकांपुढें मांडलें आहे.